न दिसलेला ड्रायव्हर

अंकासाठी काहीतरी लिही, असे आमच्या मराठी विभागाच्या सरांनी सांगितले, तेव्हा 'मला आवडलेले पुस्तक' हा नेहमीचा विषय डोळ्यांपुढे आला. पण खरे सांगायचे तर बी.कॉम.ला आल्यापासून मी पाठ्यपुस्तकांखेरीज पुस्तक म्हणून हातात धरलेले नाही, आणि कॉस्ट अकाउंटिंग आवडले असे लिहिले तर सरांनाच खरे वाटणार नाही. तेव्हा एका चित्रपटाविषयी लिहितो. तो मी आतापर्यंत सात वेळा पाहिला आहे. सातव्या वेळी वडिलांबरोबर पाहिला, त्याचीच ही हकीकत.

चित्रपटाचे नाव 'ड्युएल'. आपल्या भाषेत द्वंद्व म्हणता येईल, आणि कन्नड विभागातल्या मित्रांनाही तो शब्द समजावून सांगावा लागणार नाही. तो चित्रपटगृहासाठी काढलेलाच नव्हता. अमेरिकेतील एबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीवर १३ नोव्हेंबर १९७१ रोजी, शनिवारी, तो प्रथम दाखवला गेला. जाहिराती वगळता जेमतेम ७४ मिनिटांचा. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा २४ वर्षांचे होते. (मी २० वर्षांचा आहे. चार वर्षे हातात आहेत, असे मी आईला सांगितले. त्यावर ती म्हणाली, आधी चौथे सेमिस्टर सोडव.)

गोष्ट एवढीशी आहे. डेव्हिड मॅन नावाचा एक फिरता व्यापारी आपली लाल प्लिमथ गाडी घेऊन कामासाठी निघाला आहे. कॅलिफोर्नियातील उजाड डोंगरांतला दुपदरी रस्ता, आणि पुढे धूर ओकत चाललेला एक जुनाट, गंजलेला टँकर. मॅन त्याला ओलांडून पुढे जातो. टँकर त्याला ओलांडतो आणि पुढे जाऊन मुद्दाम हळू होतो. मॅन पुन्हा ओलांडतो. इतक्यावरून जे सुरू होते ते शेवटी दोघांपैकी एक दरीत जाईपर्यंत थांबत नाही. का, ते कोणी सांगत नाही. टँकरच्या ड्रायव्हरचे तोंड आपल्याला कधीच दिसत नाही; एकदा बूट दिसतात, आणि खिडकीबाहेर आलेला एक हात दिसतो. त्या हाताविषयी पुढे सांगायचे आहे.

मूळ कथा रिचर्ड मॅथेसन यांची. ती १९७१ मध्येच एका मासिकात आली होती. मासिकाचे नाव इथे छापलेले प्राचार्यांना आवडणार नाही, म्हणून सोडून देतो. मॅथेसन यांच्यावर तो प्रसंग खरोखरच गुदरला होता, तोही २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे अध्यक्ष केनेडींची हत्या झाली त्याच दिवशी. मित्राबरोबर घरी परतताना एक ट्रक त्यांच्या मागे असा लागला की त्यांना गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. ते भय त्यांनी आठ वर्षे मनात सांभाळले आणि मग त्याची कथा केली.

या चित्रपटाचे भक्त जगभर आहेत, आणि ते नुसते 'छान आहे' म्हणून थांबणारे नव्हेत. लॉस एंजलिसच्या उत्तरेला सोलेदाद कॅनियनच्या भागात जाऊन कोणते वळण कोणत्या दृश्यात आहे ते धुंडाळणारे लोक आहेत. सापांचे पिंजरे ठेवलेल्या पेट्रोलपंपावरील दृश्यात मॅन काचेच्या टेलिफोन बूथमधून पोलिसांना फोन करतो आणि टँकर तो बूथच उडवून देतो. त्या काचेत एक क्षण स्पीलबर्ग यांचे प्रतिबिंब दिसते, हे भक्तांनी शोधून काढले. टँकर दरीत कोसळताना एखादे जनावर मरताना ओरडावे तसा आवाज येतो. तोच आवाज १९७५ च्या 'जॉज'मध्ये शार्क मरतो तेव्हा वापरला आहे, हेही ते सांगतात. चित्रीकरणासाठी आणलेल्या ट्रकांपैकी एक तर कुणा हौशी माणसाने जपून ठेवला आहे. आणि १९७८ मध्ये 'हल्क'च्या मालिकेच्या एका भागात याच चित्रपटातली दृश्ये कापून जोडली, म्हणून त्या भागाला ही मंडळी अजूनही नावे ठेवतात. भक्ती म्हणतात ती ही.

मला स्वतःला त्यात सर्वांत आवडते ती काटकसर. कॉमर्सचा विद्यार्थी असल्याचा परिणाम असेल. हे सारे काम जेमतेम दोन आठवड्यांत उरकले. रस्ता तोच तोच; पण स्पीलबर्ग यांनी सबंध प्रवासाचा एक लांबलचक नकाशा काढून घेतला होता आणि मोटेलच्या खोलीत भिंतीभर लावला होता. कुठे कोण कोणाला ओलांडतो आणि कॅमेरा कुठे, ते सारे त्यावर. एकाच वळणावर गाडी तीनदा नेली तरी बघणाऱ्याला नवा मुलूख वाटावा अशी योजना. ट्रकही त्यांनी नट निवडावा तसा निवडला. बरेच ट्रक ओळीने उभे करून पाहिले आणि लांब नाकाचा, जुन्या धाटणीचा पीटरबिल्ट घेतला, कारण त्याला चेहरा होता: काचेचे दोन डोळे आणि पुढे आलेले नाक. मग त्याला रोज मेकअप. तेल, ग्रीस, धूळ, काचेवर चिकटलेले मेलेले किडे. ट्रकच्या आवाजाचेही असेच. त्या वर्षीचे ध्वनिसंपादनाचे एमी पारितोषिक या चित्रपटाला मिळाले.

पुढे युरोपातील चित्रपटगृहांसाठी तो ९० मिनिटांचा करण्यात आला, तेव्हा काही प्रसंग नव्याने घातले. शाळेची बस आणि रेल्वेचे फाटक हे दोन्ही त्या वेळचे. काही भक्तांना ही भर नको वाटते. मलाही फोनवर बायकोशी बोलण्याचा प्रसंग नको वाटतो. पण बसचा प्रसंग काढला असता तर आमच्या घरी जे घडले ते घडले नसते.

आता घरचे सांगतो.

माझे वडील ट्रक चालवतात. हे वाक्य मी या मासिकात प्रथमच लिहितो आहे, असे नव्हे. कुठेही प्रथमच लिहितो आहे. प्रवेशअर्जावर 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात मी 'ट्रान्सपोर्ट' असे लिहीत आलो. ते खोटे नाही. ऑडिटमध्ये अशा नोंदीला काय म्हणतात ते आम्हांला शिकवले आहे. यंदाचा अर्ज अजून भरायचा आहे.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा माल, म्हणजे कास्टिंग, घेऊन ते पुण्याला जातात आणि येताना मिळेल तो माल घेऊन येतात. लहानपणी मे महिन्याच्या सुटीत मी त्यांच्याबरोबर केबिनमधून कोल्हापूरपर्यंत गेलो आहे. खंडेनवमीला धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून, लिंबू कापून आम्ही त्या गाडीची पूजा करतो. पीटरबिल्टच्या त्या मळक्या तोंडाकडे बघताना मला नेहमी ते आठवते. त्या प्रवासातली एक गोष्ट पक्की लक्षात आहे. वंटमुरीच्या घाटात मागून एक गाडी सारखी हॉर्न देत होती. दुसरे ड्रायव्हर खिडकीतून हात काढून 'जा पुढे' अशी खूण करतात, तशी बाबांनी केली नाही. मी म्हटले, "बाबा, हात दाखवा की त्याला." ते म्हणाले, "हात दुखतोय रे." पुढे कोल्हापूर येईपर्यंत त्यांनी एकदाही हात बाहेर काढला नाही, आणि मी लहान होतो, मला ते खरेच वाटले.

असो. चित्रपट मी पहिल्यांदा एका मित्राच्या खोलीवर पाहिला, पाचसहा जण मिळून, लॅपटॉपवर. निम्मे आम्ही मराठी शाळेतले, निम्मे कन्नड. बघताना सगळे मॅनच्या बाजूचे. टँकर शेवटी दरीत गेला तेव्हा इतका आरडाओरडा झाला की खालच्या घरमालकीणबाई वर आल्या. मग चहा पिताना एक जण म्हणाला, "लारी डायवर अंद्र हिंगऽ नोडप्पा." लॉरी ड्रायव्हर म्हटला की असाच असायचा. त्याच्यावर राग नाही. तो माझा चांगला मित्र आहे आणि हा लेख छापून आल्यावर तोच मला आधी गाठणार आहे. सगळे हसले. मीही हसलो. मला म्हणता आले असते काहीतरी, दोन्ही भाषांत आले असते.

त्यानंतर पाच वेळा मी तो एकट्याने पाहिला. मॅन ढाब्यासारख्या त्या हॉटेलात बसून काउंटरवरच्या प्रत्येक माणसाचे बूट न्याहाळतो, यांतला तो कोण असेल, आणि शेवटी भलत्याच माणसाशी भांडण काढून मार खातो. मार खाऊन तो पडतो आणि बाहेर टँकर निघून जातो. म्हणजे तो ड्रायव्हर आत नव्हताच. या प्रसंगापाशी मी दर वेळी थांबत असे. मॅनइतकी भीती मला कधी वाटली नाही, पण कोणाच्या पायांत कोणते बूट आहेत त्यावरून माणूस ठरवण्याची सवय मला नाही असेही म्हणवत नाही.

गेल्या गणपतीत बाबा चार दिवस घरी होते. रात्री आरती-जेवणे झाल्यावर त्यांनीच विचारले, "काय बघायलाइस रे रोज रोज? मला तरी दाखव." त्यांना इंग्रजी येत नाही. पण या चित्रपटात बोलणे इतके थोडे आहे की दोनच ठिकाणी मला सांगावे लागले.

पहिली दहा मिनिटे ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रिकामा हाय तो."

"कोण?"

"टँकर. भरलेला असता तर चढाला असा पळाला नसता. आणि अर्धा भरलेला असता तर वळणावर आतलं हेलकावलं असतं, उलटला असता मघाशीच."

मी सहा वेळा पाहिला होता, जगभरच्या भक्तांचे शोध वाचले होते. मला हे सुचले नव्हते.

पेट्रोलपंपावरचा माणूस मॅनला सांगतो की रेडिएटरचा पाइप गेलेला आहे, बदलून घे. मॅन 'नंतर बघू' म्हणतो. हे मी भाषांतर करून सांगितले तेव्हा बाबा मांडीवर हात मारून म्हणाले, "संपला हा!" आणि तो पाइप चढावर फुटेपर्यंत दर पाच मिनिटांनी "पाइप अजून तसाच हाय त्याचा," असे आईला सांगत राहिले. आईला त्यात काही रस नव्हता, ती वाती वळत होती. उताराला मॅन गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो तिथे तर ते उठून बसले. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे त्यांचे तत्त्व. टँकरवाल्याने केलेल्या सगळ्या उद्योगांपेक्षा त्यांना मॅनच्या या न्यूट्रलचा राग अधिक आला.

टँकरच्या पुढच्या बंपरवर निरनिराळ्या राज्यांच्या नंबरप्लेटा लावलेल्या आहेत. भक्तांचे म्हणणे असे, की या आधी मारलेल्यांच्या गाड्यांच्या प्लेटा. शिकाऱ्याने भिंतीवर शिंगे लावावीत तशा. मी हे मोठ्या रंगात येऊन सांगितले. बाबा म्हणाले, "परमिटच्या असतील." अमेरिकेत तेव्हा एका राज्यातून दुसऱ्यात माल न्यायचा तर ट्रकवर त्या त्या राज्याची प्लेट लागत असे, हे मी नंतर वाचले. नंबरप्लेटविषयी बाबांना शिकवायला मी जायला नको होते. ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्यांवर दगड पडले आणि तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले, तेव्हा बाबा कास्टिंग भरून साताऱ्याच्या अलीकडे होते. गाडीचा नंबर केए २२, तोंडात मराठी. दोन दिवस एका ढाब्यामागे गाडी लावून ते आणि क्लीनर बसून राहिले. प्लेटवर चिखल लावला होता. आम्हांला फोनवर सांगत, "लोडिंग झालं नाही अजून."

पण मला जे सांगायचे आहे ते याच्याही आधी आले, चित्रपट सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता तेव्हा. टँकर हळू झाला आहे, रस्ता अडवून चालला आहे. आणि खिडकीतून तो हात बाहेर येतो. सावकाश, अगदी सभ्यपणे, 'जा पुढे' अशी खूण करतो. मॅन विश्वासाने गाडी बाहेर काढतो, आणि समोरून दुसरी गाडी. थोडक्यात वाचतो.

बाबा म्हणाले, "थांबव."

मी थांबवले. पडद्यावर तो रस्ता तसाच राहिला. बाबा बराच वेळ त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "असं कोण करत न्हाई."

मी म्हटले, चित्रपट आहे तो.

"तसं न्हवं. मागच्याला पुढचं दिसत नसतंय. आपल्याला दिसतंय. म्हणून हात दाखवायचा. हात दाखवला म्हणजे त्याचं डोळं आपण झालो." थोडे थांबून म्हणाले, "मी दाखवला होता एकदा."

मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. चोर्ल्याच्या घाटात, पावसाळ्यात, मागे एक गाडी. गोव्याहून परतणारे कुटुंब असावे. बराच वेळ मागे राहिली होती बिचारी, हॉर्नही नव्हती देत. बाबांना पुढचा रस्ता मोकळा दिसला, त्यांनी हात काढून खूण केली. वळणावरच्या धुक्यातून एक मोटारसायकल आली. गाडीवाल्याने वाचवायला म्हणून गाडी बाजूला घातली ती गटारात गेली. मोटारसायकलवरचा पोरगा पडला, त्याचा पाय मोडला. गाडीत मागे एक लहान मुलगी होती, तिचा हात. बाबांनीच सगळ्यांना आपल्या ट्रकमध्ये घेऊन बेळगावला दवाखान्यात आणले. कोणी तक्रार केली नाही. गाडीवाला उलट हात जोडून म्हणाला, तुम्ही होता म्हणून आम्ही वाचलो.

"त्याला वाटलं, मी मदत केली," बाबा म्हणाले. "हात मी दाखवला होता हे त्याच्या ध्यानातच न्हाई राहिलं. मी पण न्हाई सांगितलं."

आईच्या वाती वळायच्या थांबल्या होत्या. तिलाही हे ठाऊक नव्हते.

मला काय बोलावे ते कळेना. हात दुखतोय, असे ते म्हणाले होते. मी विचारले, पुढे लावू का? ते म्हणाले, "लाव की." आणि मग जणू काही झालेच नाही अशा रीतीने पाइपविषयी बोलू लागले, ते वर सांगितलेच.

बसचा प्रसंग आला. शाळेची बस बंद पडून रस्त्याकडेला उभी आहे, मॅन आपल्या गाडीने ती ढकलायला जातो आणि त्याची गाडीच बसखाली अडकते. बोगद्याच्या तोंडाशी टँकर येऊन उभा राहतो. मॅन पोरांना ओरडून बसमध्ये जायला सांगतो, त्याला वाटते आता हा सगळ्यांना चिरडणार. तो स्वतः कशीबशी गाडी सोडवून पळतो. आणि टँकर काय करतो, तर शांतपणे मागे येऊन बसला ढकलून चालू करून देतो.

भक्तांना या प्रसंगाचे कोडे पडलेले आहे. कोणी म्हणतात, तो मॅनला वेडा ठरवण्यासाठी असे करतो. कोणी म्हणतात, हे दृश्य मागाहून घातलेले, तेव्हा ते मूळ स्वभावाशी जुळणारच नाही. बाबांना कोडे वगैरे काही पडले नाही. "मागं घे जरा," म्हणाले. मी घेतले. पुन्हा घ्यायला लावले. तीनदा आम्ही तो टँकर बसला ढकलताना पाहिला. ते काहीच बोलले नाहीत. फक्त तिसऱ्या वेळी "बघ," एवढे म्हणाले.

शेवट त्यांना विशेष वाटला नाही. मॅन आपली बॅग अ‍ॅक्सिलरेटरवर अडकवतो, उडी टाकतो, टँकर पेटत्या गाडीसकट कड्यावरून जातो, हॉर्न वाजत राहतो. मित्राच्या खोलीवर इथे आम्ही ओरडलो होतो. आमच्या घरी कोणी ओरडले नाही. मॅन कड्याशी बसून मावळत्या उन्हात खाली खडे टाकत राहतो तिथे बाबा म्हणाले, "आता ह्याला घरी कोण नेणार?" मलाही ते कधी सुचले नव्हते. त्याची गाडी तर दरीत गेली.

लॅपटॉप बंद करत होतो तेव्हा त्यांनी विचारले, "ट्रक चालवला कोणी? खरा?"

मी सांगितले: कॅरी लॉफ्टिन. नावाजलेला स्टंट ड्रायव्हर, जन्म १९१४ चा. म्हणजे त्या वेळी ५७ वर्षांचा.

"सत्तावन्न!" बाबांना ते एकदम आवडले. ते स्वतः ५२ चे आहेत. आईकडे वळून म्हणाले, "ऐकलंस काय? सत्तावन्न." आई म्हणाली, झोपा आता.

ते उठले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "मग तो हात पण त्याचाच?"

"त्याचाच असणार."

त्यांनी मान हलवली. "बरोबर दाखवलाय," म्हणाले. "तसाच दाखवायचा असतोय." आणि पहाटे चारला उद्यमबागेत लोडिंग होते म्हणून मला गजर लावायला सांगून आत गेले.